आठवड्याला पाच शंका

सोमवारी सकाळी नव्या साहेबांनी प्रत्येकाच्या टेबलावर पाच-पाच पिवळ्या चकत्या मांडल्या आणि जाहीर केलं, की आजपासून शंका मोजून घ्यायच्या. एक शंका, एक चकती. चकत्या संपल्या की शंका संपल्या. पुढचा सोमवार उजाडेपर्यंत कुणाच्या मनात काहीही आलं, तरी ते त्याने मनातच ठेवायचं.

मग कोपऱ्यातून कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं, "लघुशंका धरून पाच, की सोडून?" साहेब सोडून सगळे हसले. शंकाताई मात्र हसली नाही. लांबच्या प्रवासाला निघताना घरच्यांनी एकच छोटा डबा हातात ठेवावा, तशी ती त्या चकत्यांकडे बघत होती.

तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. बाकी सगळ्यांसाठी ती शंकाताई. ऑफिसचं काम लांबून राखण करण्याचं. गावभरची दुकानं, गोदामं, घरं यांच्यावर कॅमेरे बसवलेले, आणि त्यांची चित्रं या एका लांबट खोलीतल्या पडद्यांवर दिवसभर सरकत असायची. कुठे भोंगा वाजला की गस्तीची गाडी पाठवायची, इतकं सरळ. पण भोंगा न वाजताही एखाद्याला नुसतं वाटलं, की इथे काहीतरी बिनसलंय, तरी गाडी पाठवायची मुभा होती. इतरांना असं वर्षाकाठी एखाद्या वेळी वाटे. शंकाताईला सकाळच्या चहाच्या आधीच दोनदा वाटून जाई.

कशावरून वाटतं, हे तिला सांगता येत नसे. चपलांच्या दुकानाच्या पायरीवर रोज बसणारं मांजर आज दिसत नाही. शिंप्याचं शटर बंद, पण पायपुसणं बाहेरच. "कसंतरीच होतंय," एवढंच ती म्हणे, आणि गस्तीचा ड्रायव्हर कपाळाला हात लावून गाडी काढे. त्याला सगळे तुफान म्हणत, कारण त्याची गाडी सायकलवाल्यांना वाट देत देत जायची. बहुतेक वेळा तो परत येऊन सांगे, की मांजर मागच्या अंगाला झोपलंय. पण एकदा फुलवाला स्वतःच्याच शीतगृहात अडकून गुलाबांच्या गठ्ठ्यांमध्ये काकडत बसलेला सापडला होता. त्याने कृतज्ञतेने तिला इतकी फुलं आणून दिली, की एवढी ठेवायची कशात, ही नवी काळजी तिला लागली.

नव्या साहेबांना फुलवाल्याची गोष्ट सांगून झाली होती. त्यांच्यावर तिचा परिणाम झाला नाही. अंधारात दगड मारत राहिलं तर एखादा लागणारच, त्याला नेम म्हणत नाहीत, असं त्यांचं मत. त्यांच्या केबिनमध्ये आणि घरच्या दिवाणखान्यातही ध्येयांचे रंगीत तक्ते लावलेले होते, आणि प्रत्येक माणसाला ते त्याचं त्याचं ध्येय लावून देत होते. शंकाताईचं ध्येय त्यांनी तिला समोर बसवून समजावलं. तीन महिने, दर आठवड्याला, जास्तीत जास्त पाच.

"गाठलंत, तर सकाळची कायमची शिफ्ट तुमची," ते म्हणाले. "एक जागा रिकामी होतेय."

साहेबांना कुठून कळलं होतं, देव जाणे, पण तिला जगात हवी असलेली एकच गोष्ट त्यांनी टेबलावर ठेवली होती. उशिराची शिफ्ट असली, की ती पाळणाघरात पोचेपर्यंत बाकीची सगळी मुलं गेलेली असायची. तिची तीन वर्षांची चिमणी तेवढी उरलेली. बूट घालून, दप्तर पाठीला लावून, दाराशी भिंतीला टेकून उभी, नजर वर कुठेतरी लागलेली. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान त्याहूनही उशिरा बंद होई. त्या नजरेने शंकाताईच्या पोटात रोज खड्डा पडायचा. सकाळची शिफ्ट मिळाली, तर चिमणी सगळ्यांत आधी घरी जाईल. तिने तिथल्या तिथे साहेबांना शब्द दिला.

शब्द मंगळवारी दुपारीच टांगणीला लागला. तोवर पाचही चकत्या साहेबांच्या डब्यात जाऊन पडल्या होत्या.

घरी तर आणखी वाईट. नवऱ्याला ही कल्पना फार म्हणजे फारच आवडली. ऑफिसला कळलं ते मला लग्नाआधी कळायला हवं होतं, असं म्हणत त्याने जुन्या कोटाची पाच बटणं एका वाटीत घालून तिच्यापुढे ठेवली. घरातही दिवसाला पाच. गॅस बंद केलास का, एक बटण. खिडकी लावलीस का, दुसरं बटण.

"चिमणीने बटण गिळलं तर?" शंकाताईने विचारलं.

"झालं, पहिलं गेलं," नवरा म्हणाला आणि त्याने एक बटण उचलून घेतलं. पण घेता घेता त्यालाही ते पटलं. बटणांच्या जागी कपड्यांचे लाकडी चिमटे आले. चिमणीला तर तो खेळच झाला. आईने काही विचारलं, की ती धावत जाऊन चिमटा काढी आणि बाबाच्या शर्टाला लावी. पोळ्या लाटून होईपर्यंत बाबाचा शर्ट वाळत घातल्यासारखा दिसे, आणि आईला उरलेला दिवस तोंड मिटून काढावा लागे. रात्री पांघरुणात ती पुटपुटे, "काही नाही, मी फक्त विचार करतेय," आणि नवरा म्हणे, की विचाराचा अर्धा चिमटा.

वाट निघाली ती बिनघोरकाकांमुळे. काका तिच्या शेजारच्या टेबलावर बसत. निवृत्तीला आलेले, गोल चेहऱ्याचे, आणि उभ्या नोकरीत एकदाही शंका न आलेले. पडद्यावर ट्रक उलटा पडलेला दिसला, तर ते म्हणत, की चाकं पुसायला ठेवला असेल. साहेबांनी त्यांनाही ध्येय दिलं होतं, आणि ते नेमकं उलटं होतं. जागरूकता वाढवणे, आठवड्याला किमान पाच शंका. काकांनी दोन दिवस प्रामाणिकपणे डोळे फाडून पडद्याकडे बघितलं. त्यांना फक्त झोप आली.

बुधवारी दुपारी गाद्यांच्या दुकानाच्या चित्राकडे बघत शंकाताई खुर्चीत चुळबुळ करायला लागली. दुकान जेवणाच्या सुट्टीसाठी बंद होतं. मांडून ठेवलेल्या पलंगांपैकी एकाचं पांघरूण इतरांसारखं गुळगुळीत नव्हतं. तिच्याकडे चकती नव्हती. काकांकडे पाचच्या पाच होत्या आणि आठवडा अर्धा सरला होता. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"तुला काही होतंय का गं ताई?" काकांनी हळूच विचारलं.

"कसंतरीच होतंय."

"तेच मला होतंय असं समजू," काका म्हणाले, उठले, आणि आयुष्यातली पहिली चकती त्यांनी डब्यात टाकली.

तुफान जाऊन आला तो हसतच. गादी बघायला आलेलं गिऱ्हाईक गादीवरच झोपलं होतं आणि दुकानदार त्याला आत कोंडून जेवायला गेला होता. गिऱ्हाइकाला जाग आली असती, तर काच फोडून बाहेर पडलं असतं. गादी मात्र त्याने घेतली. साहेब केबिनमधून बाहेर आले, त्यांनी काकांचा हात हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की माणसाला ध्येय दिलं की माणूस कसा बदलतो ते बघा.

मग हे रोजचंच झालं. शंकाताईला वाटायचं आणि काका उठायचे. त्यांना पाचाहून कितीही जास्त चालत होत्या, त्यामुळे साहेब त्यांना मागतील तितक्या चकत्या द्यायचे. शंकाताई आपल्या चकत्यांना हातसुद्धा लावत नव्हती. रंगाच्या गोदामावरची कबुतरं नेहमीची बाजू सोडून दुसऱ्याच टोकाला बसलेली दिसली, तेव्हा ती कुजबुजली, काका उठले, आणि तुफानला चिंध्यांच्या ढिगातून धूर निघताना सापडला. आणखी थोडा वेळ गेला असता, तर गोदाम राहिलं नसतं. गोदामवाल्याने मुख्य कार्यालयाला पत्र धाडलं. फुकटच्या फेऱ्या तर बऱ्याच झाल्या, मांजरं पुष्कळदा मागच्या अंगालाच झोपलेली निघाली, पण त्या कुणाच्या लक्षात राहत नाहीत. काकांच्या अंतर्ज्ञानाचा बोलबाला झाला. लोक आपापल्या मुलींसाठी आलेली स्थळं त्यांना दाखवायला लागले.

शंकाताईला यातलं काहीच खुपत नव्हतं. तिचा आकडा तक्त्यावर हिरवागार होता आणि तीन महिने संपत आले होते. संध्याकाळी दाराशी उभ्या असलेल्या चिमणीच्या बुटांचे बंद घट्ट करताना ती मनात म्हणे, थोडेच दिवस राहिले गं बाई.

आणि नेमकं तेव्हाच मुख्य कार्यालयाने कळवलं, की तिथल्या मोठ्या बाई येताहेत. काकांचं अंतर्ज्ञान त्यांना प्रत्यक्ष बघायचंय.

काकांचा गोल चेहरा ते ऐकून लांबट झाला. मोठ्या बाई दोघांच्या मधोमध खुर्ची टाकून बसणार होत्या, म्हणजे कुजबुजण्याची सोय नव्हती. शेवटी ठरलं ते असं. मोठ्या पडद्यावर एकेका जागेचं चित्र येईल. शंकाताईला एखाद्या चित्रात काही खटकलं, की ती नुसता कानाला हात लावेल. काका ते बघतील आणि उठतील. अशा भानगडींत माणसं शेवटी कानाला हात लावतात. या दोघांनी सुरुवातच तिथून केली.

त्या दिवशी साहेब धावतपळत आले. नवा कोट, नवा लाल टाय, हातात मोठ्या बाईंसाठी छापून आणलेले आकडे. शंकाताईने त्यांना नमस्कार केला आणि तिचं लक्ष त्यांच्या उजव्या कानामागे गेलं. तिथे साबणाचा फेस वाळून पांढरा झाला होता. एवढा टापटिपीचा माणूस, आणि आजच्या दिवशी साबण धुवायला विसरला? तिच्या मनात काहीतरी टोचलं. पण साहेबांच्या आंघोळीविषयी शंका घ्यायला कुठली चकती लावायची, हे तिला ठाऊक नव्हतं. तिने ते टोचणं गिळून टाकलं आणि खुर्चीत ताठ बसली.

मोठ्या बाई शांत होत्या. पांढरे केस आखूड कापलेले, बोलणं थोडं, बघणं जास्त. त्या मधे बसल्या. चित्रं सरकू लागली. औषधांचं दुकान, छापखाना, शाळेचं फाटक. सगळं जागच्या जागी होतं. शंकाताईचे हात मांडीवर घट्ट होते, काकांची नजर तिच्या कानावर चिकटलेली होती, आणि साहेब मोठ्या बाईंना समजावत होते, की जे मोजता येत नाही ते सुधारताही येत नाही.

इतक्यात शंकाताईच्या टेबलावरचा मोबाइल थरथरला. इतरांचे मोबाइल कपाटात असत. पाळणाघरामुळे तिला तेवढी सूट होती. नवऱ्याचा फोन. तो कामाच्या वेळात कधीच फोन करत नसे. चिमणीला काहीतरी झालं, दुसरं कारण असूच शकत नाही, असं वाटून तिने झटकन फोन उचलून कानाला लावला.

तेव्हा पडद्यावर एका बंगल्याचं बंद दार होतं. कोरडी पायरी, कुंडीत एक झाड, सगळं चिडीचूप.

बिनघोरकाका उठून उभे राहिले. "इथे," ते खोल आवाजात म्हणाले, "काहीतरी आहे."

साहेब हसले. "अहो काका, ते माझं घर आहे. घरची मंडळी बाहेरगावी गेलीत. तिथे कुणीसुद्धा नाहीये."

"म्हणूनच," काका म्हणाले.

"पाठवा गाडी," मोठ्या बाई म्हणाल्या.

इकडे फोनवर नवरा विचारत होता, की मी निघताना दाराला कुलूप लावलं का गं.

शंकाताईला आधी अर्थच लागेना. "चिमणी बरी आहे ना?" तिने तोंडावर हात धरून विचारलं.

"तिला काय झालंय? तिला सोडून आलो मी. कुलपाचं सांग."

"मला काय माहीत? मी तुझ्या आधी निघाले."

"लावलं असेल ना?"

"असेल."

"असेल म्हणजे काय? तुला काय वाटतंय?"

"मला काहीच वाटत नाहीये."

मग नवरा घाबऱ्या आवाजात म्हणाला, "तुलासुद्धा काही वाटत नाहीये? मग मी घरीच जातो."

फोन ठेवायच्या आधी तिने मान वर केली, तर काका एकटक तिच्याकडे बघत उभे. पडद्यावर साहेबांचं घर. काय झालंय ते तिच्या ध्यानात आलं आणि तिने जोरजोरात मान आणि हात हलवून नाही, नाही असं सांगितलं. सांगायला उजवा हात मोकळा हवा, म्हणून तिने फोन डाव्या कानाला लावला.

"दुसरी गाडीही पाठवा," काका म्हणाले. "प्रकरण मोठं दिसतंय."

शंकाताईच्या हातून फोन खाली पडला. सकाळची शिफ्ट, तीन महिने, चिमणीचे बूट, सगळं तिच्या डोळ्यांपुढून एकदमच गेलं आणि तिने दोन्ही हातांनी डोकं दाबून धरलं. नेमकं कानांवर.

"अग्निशमन दल," काका म्हणाले आणि त्यांचा आवाज कापला.

साहेबांचा चेहरा टायच्या रंगाचा झाला. त्यांनी मोठ्या बाईंना सांगायला सुरुवात केली, की काकांचं वय झालंय, ताणामुळे असं होतं, एरवीचे आकडे फार चांगले आहेत. मोठ्या बाई काकांकडे बघत होत्या, मग शंकाताईकडे, मग पुन्हा काकांकडे. आधीची गाडी साहेबांच्या घराजवळच होती आणि साहेबांचं घर म्हटल्यावर तुफानने जन्मात पहिल्यांदा गाडी पळवली होती. अग्निशमन दलाचा नंबर फिरवायच्या आतच त्याचा आवाज खोलीत घुमला.

"साहेब, तुमच्याकडे कुणी पाहुणे आलेत का?"

"नाही रे. का?"

"मागच्या दाराखालून चपला बाहेर येतायत."

"चपला कशा बाहेर येतील?"

"पोहत," तुफान म्हणाला.

तुफान पुढचं सांगत गेला. पाणी मागच्या पायरीवरून बागेत उतरतंय, आत मोरी तुंबलेली आणि नळ सोडलेला असावा, खिडकीतून दिसतंय की गालिचा फुगलाय, आणि भिंतीवरचा एक मोठा रंगीत तक्ता खाली पडून भिजलाय, त्याचे सगळे रंग एक झालेत. दुसरी गाडी पोचलीच आहे, बादल्याही मिळाल्यात, साहेब चावी कुठे असते तेवढं सांगा.

साहेबांचा हात आपोआप कानामागे गेला. वाळलेल्या साबणाची पापडी त्यांच्या बोटांना लागली आणि त्यांना सगळं आठवलं. अर्ध्या आंघोळीत पाणी गेलं होतं. नळ उघडा होता पण धार नव्हती. वेळ होत होता म्हणून त्यांनी तसाच टॉवेल ओढला आणि निघाले. पाणी नंतर आलं होतं, आणि सकाळपासून येतच होतं. "कुंडीखाली," एवढंच ते म्हणाले आणि खाली बसले. अग्निशमन दलाला मग बोलावलंच नाही. पाणी त्यांच्याकडचं नको होतं.

मोठ्या बाईंनी काकांना विचारलं, की तुम्हाला हे कळलं कसं.

काकांनी घाम पुसला. "आतून आवाज आला," ते म्हणाले, आणि स्वतःच्याच उत्तराने जरा दचकले.

नंतर बक्षिसाचा विषय निघाला. सकाळच्या शिफ्टची जागा एकच, आणि ध्येय दोघांनीही गाठलेलं. साहेब थकल्या आवाजात म्हणाले, की आजचा प्रकार बघता ती काकांनाच द्यायला हवी. शंकाताईने मान खाली घातली. टेबलावर तिच्या न वापरलेल्या पिवळ्या चकत्यांची चळत होती. ती सरळच होती, तरी ती पुन्हा पुन्हा सरळ करत राहिली.

काका खाकरले. "मी घेईन, पण ताई समोर बसणार असेल तरच. तिच्याशिवाय मला शंका येत नाहीत."

"तिच्याशिवाय?" साहेब म्हणाले. "अहो, तिला तर आता स्वतःलाच काही शंका येत नाहीत. आकडे बघा."

"म्हणूनच तर," काका म्हणाले. "समोर एवढं निर्धास्त माणूस बसलं, की माझा जीव वरखाली होतो."

मोठ्या बाईंना अचानक खोकला आला. तो बराच वेळ टिकला. रुमाल तोंडावर धरूनच त्यांनी सांगितलं, की जोडी फोडू नका, दोघांनाही सकाळची द्या, दुसऱ्या जागेचं मी बघते. निघताना त्या शंकाताईच्या टेबलापाशी थांबल्या.

"कान दुखतो का हो तुमचा?"

शंकाताईने कानाकडे निघालेला हात पटकन खाली घेतला.

"साहेबांच्या कानामागचा साबण तुम्हाला सकाळीच दिसला असणार," मोठ्या बाई हळू आवाजात म्हणाल्या. ते विचारणं नव्हतं.

"हो. पण मला वाटलं, की आपला काय संबंध."

"मलाही दिसला होता. मी गप्प बसले. हाताखालच्यांवर विश्वास टाकायचा, असं यंदा माझं ध्येय आहे." त्यांनी चळतीतली एक चकती उचलली, उलटसुलट करून बघितली, आणि पर्समध्ये टाकून निघून गेल्या.

साहेबांना घरी जावंच लागलं, आणि जाताना त्यांनी काकांना आणि शंकाताईला लवकर सोडलं. काका मात्र टेबलापाशी घुटमळत होते. ते शंकाताईला म्हणाले, की गंमत बघ, आज पहिल्यांदाच मला आठवत नाहीये, की मी घरून निघताना गॅस बंद केला का. असं नेहमी होतं का तुला? ती म्हणाली, नेहमी. काकांनी तिच्याकडे फार आदराने बघितलं आणि ते चपला अर्ध्या घालूनच पळाले.

शंकाताईही जवळजवळ पळतच पाळणाघरात गेली. ऊन अजून अंगणात होतं. आत सगळी मुलं होती, कल्ला चालला होता, आणि त्या गर्दीत चिमणी ठोकळ्यांचा मनोरा रचत होती. बूट काढलेले, दप्तर खुंटीला. किती दिवस हे चित्र तिने मनात रंगवलं होतं. तिने दारातूनच हाक मारली, की बघ, आज आई सगळ्यांच्या आधी आली.

चिमणीने वर बघितलं. तिचा खालचा ओठ हळूहळू बाहेर आला, मग थरथरला, आणि मग तिने असं भोकाड पसरलं, की शेजारचा मनोरा ढासळला.

"जा तू," ती हुंदके देत म्हणाली. "मला शेवटी जायचंय."

पाळणाघराच्या बाई धावत आल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं. त्या म्हणाल्या, की अहो, इथे जे मूल शेवटी राहतं, त्याला दिवे बंद करायला मिळतात. स्टुलावर उभं राहून सगळी बटणं, एकेक. बाकीची पोरं या मानासाठी भांडतात, पण तुमच्या मुलीचा हात कुणी धरू शकत नाही. मुलं निघायला लागली, की ही आधी बूट घालून, दप्तर लावून बटणांखाली जाऊन उभी राहते, नंबर जायला नको म्हणून. तुम्ही जरा लवकर आलात, की दिवसभर केलेल्या मेहनतीवर पाणी पडल्यासारखं तोंड करते.

शंकाताई लहान मुलांच्या एका लाल खुर्चीवर मटकन बसली. रोज संध्याकाळी तिच्या पोटात खड्डा पाडणारी ती नजर विजेच्या बटणांवर होती. गावभरची कबुतरं आणि मांजरं तिला लांबून कळत होती. सकाळची शिफ्ट कायमची मिळाली होती. संध्याकाळी शेवटचं मूल जाईपर्यंत इथे थांबायला आता तिच्याकडे भरपूर वेळ होता.

मुलं एकेक करून जायला लागली. बरीचशी गेल्यावर दारात नवरा उभा राहिला. केस विस्कटलेले, चष्मा नाकावर घसरलेला. तो बायकोच्या शेजारच्या निळ्या खुर्चीवर गुडघे हनुवटीला लावून बसला.

"कुलूप लावलेलं होतं," तो म्हणाला.

"मग?"

"किल्ली दुकानात राहिली. आणि दुकानाला कुलूप लावलं का, ते आता आठवत नाहीये."

शंकाताईने पर्स उघडली. तळाशी कधीतरी पडलेला एक लाकडी चिमटा होता, तो तिने काढला आणि काही न बोलता त्याच्या कॉलरला लावला. तिच्या पर्समध्ये तिचीसुद्धा किल्ली होती, पण ते ती घरी गेल्यावर सांगणार होती.

शेवटचं मूल गेलं. चिमणी बूट घालून, दप्तर लावून स्टुलावर चढली आणि तिने एकेक बटण दाबायला सुरुवात केली. व्हरांडा, मधली खोली, झोपायची खोली. शेवटचा दिवा गेला. अंधारात तिघं मोठी माणसं उभी होती. क्षणभराने वरून छोटासा आवाज आला.

"नक्की बंद झाले का?"

आणि खात्री करायला तिने ते सगळेच्या सगळे पुन्हा लावले.